त्सेत्से माशी आणि निद्रारोग: शेवटचे हजार रुग्ण शोधायचे कोणी?

रानवारा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की केनियात निद्रारोग हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही. असा शिक्का मिळालेला हा दहावा देश. पहिला टोगो, २०२० मध्ये. त्यानंतर आयव्हरी कोस्ट, बेनिन, युगांडा, रवांडा, इक्वेटोरियल गिनी, घाना, चाड आणि गिनी. आपल्याकडे या बातमीची फारशी दखल कोणी घेतली नाही. मला मात्र ती वाचून मनापासून आनंद झाला आणि सोबत थोडी धास्तीही वाटली. ती का, ते सांगण्यासाठी हा धागा.

आधी आजार. त्सेत्से माशी चावते आणि तिच्या लाळेतून ट्रिपॅनोसोमा नावाचा एकपेशीय परजीवी अंगात उतरतो. ताप येतो-जातो, डोकं दुखतं, सांधे धरतात, मानेच्या मागच्या बाजूला गाठी येतात. असे महिने, कधी वर्षं जातात. मग परजीवी मेंदूत शिरतो. रात्रीची झोप उडते, दिवसा माणूस जेवता जेवता पेंगतो, भ्रमिष्टासारखा वागतो. उपचार मिळाला नाही तर बहुतेकदा मृत्यू. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला गॅम्बिएन्स प्रकार, नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण याचेच. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडचा रोडेसिएन्स प्रकार जास्त झपाट्याने वाढतो आणि तो गुराढोरांत, रानटी जनावरांत मुक्काम करून असतो.

आता धास्तीचं कारण. १९६० च्या दशकात अख्ख्या खंडात वर्षाला पाच हजारांपेक्षा कमी रुग्ण नोंदले जात होते. फिरती पथकं गावोगाव जायची, एकेकाला तपासायची, सापडेल त्याला औषध द्यायची. मग काम झालं असं सगळ्यांनाच वाटलं. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांपुढे इतर शंभर प्रश्न होते, पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, पथकं मोडली, अंगोला, काँगो, सुदान युद्धात होरपळले. १९९८ मध्ये नोंदलेले रुग्ण चाळीस हजारांच्या घरात गेले आणि न सापडलेले तीन लाख असावेत असा अंदाज होता. या तीन देशांतल्या काही गावांत तर निम्मी वस्ती बाधित होती. तिथे या आजाराने एड्सपेक्षा जास्त माणसं मारली.

तिथून पुन्हा सगळं उभं केलं गेलं. २००९ मध्ये आकडा दहा हजारांच्या खाली आला, २०१८ पासून तो हजाराच्या आत आहे. गॅम्बिएन्स प्रकाराचा माणसांतला प्रसार २०३० पर्यंत पूर्ण थांबवायचा, हे पुढचं उद्दिष्ट. म्हणजे आपण साठच्या दशकातल्या जागी परत आलो आहोत, उलट त्याहून चांगल्या जागी. नेमकं इथेच सहकार्य वाढवायला हवं, आणि नेमकं इथेच जग पाठ फिरवतं, असं मला तळमळून वाटतं.

माशीचंही थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढची चर्चा कळणार नाही. ही माशी अंडी घालत नाही. मादीच्या पोटात एका वेळी एकच अळी वाढते, आईच्या अंगातल्या दुधासारख्या स्रावावर. नऊ-दहा दिवसांनी एक अळी जन्मते, ती सावलीतल्या भुसभुशीत मातीत शिरून कोष करते आणि महिनाभराने त्यातून माशी बाहेर पडते. मादी आयुष्यात बहुधा एकदाच जोडी जमवते. डासाची मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते, त्यापुढे ही वीण काहीच नाही. त्यामुळे रोज शंभरातल्या चारेक प्रौढ माद्या जादा मेल्या, तरी माश्यांची वस्ती हळूहळू संपत जाते. एवढी कमजोर जागा रोग पसरवणाऱ्या दुसऱ्या कुठल्या कीटकात क्वचितच असेल.

इथे आफ्रिकेत राहिलेले, पशुवैद्यक, औषधनिर्मितीतले बरेच लोक आहेत. तुमच्याजवळ असेल ती माहिती जरूर लिहा.

शुभांगी_देव

फार माहितीपूर्ण लेख. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: इतका जुना आजार आहे तर लस का नाही?

रानवारा

शुभांगीताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. या परजीवीच्या अंगावर एका प्रथिनाचं दाट आवरण असतं. आपल्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, की काही परजीवी वेगळ्याच प्रथिनाचं आवरण चढवून बसलेले असतात. ते वाचतात, वाढतात, पुन्हा तेच चक्र. त्याच्या जनुकांत अशा आवरणांचे शेकडो नमुने साठवलेले आहेत. ताप येतो-जातो तो याचमुळे. लस नेमकी कोणत्या आवरणाविरुद्ध बनवायची, हा पेच अजून सुटलेला नाही. म्हणून रुग्ण शोधणं, त्याला बरं करणं आणि माशी मारणं एवढेच मार्ग आहेत.

कंपालाकर

धाग्याबद्दल आभार. युगांडात बरीच वर्षं राहतोय, कामानिमित्त वायव्येला आरुआ, कोबोकोच्या बाजूला जाणं होतं. तिथे नदीकाठी जे पाहिलं ते लिहितो.

काठावरच्या झुडपांत दोन काटक्यांवर ताणलेलं एक छोटं फडकं दिसतं. वीतभर रुंदीचं निळं कापड आणि त्याला जोडून तेवढीच काळी जाळी, मिळून २५ बाय ५० सेंटिमीटर. दोन्हींत डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक मुरवलेलं. निळ्या रंगाकडे माशी लांबून ओढली जाते, काळ्यावर बसायला जाते, कीटकनाशक पायाला लागतं आणि थोड्या वेळात मरते. चिकट सापळा नाही, वीज नाही, आमिषाचा वास नाही. काठाच्या दर किलोमीटरला साधारण वीस फडकी लावतात. काही महिन्यांनी औषधाचा जोर जातो, मग नवी. सायकलवर गठ्ठा बांधून गावातलीच पोरं ती लावून येतात. सुरुवातीला लोकांना वाटायचं की हे काही जादूटोण्याचं आहे, म्हणून आधी गावच्या सभेत बसून समजावून सांगितलं जातं.

पूर्वीचे पडदे मीटरभर लांबीरुंदीचे असायचे आणि त्यांचा खर्च झेपायचा नाही. नदीकाठच्या जातीच्या माश्या इतक्या लहान तुकड्यावरही येतात हे लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेच्या आणि फ्रान्सच्या आयआरडी या विकास-संशोधन संस्थेच्या संशोधकांनी आफ्रिकी सहकाऱ्यांसोबत शोधून काढलं. युगांडातल्या यशानंतर चाडच्या मांदूलमध्ये २०१४ पासून तीच फडकी लागली आणि तिथल्या माश्या ९९ टक्क्यांहून जास्त घटल्या. मग गिनी, आयव्हरी कोस्ट, काँगो. माळरानावरच्या जातींना मात्र एवढंसं फडकं पुरत नाही, त्यांना मोठा पडदाच लागतो.

युगांडाची वेगळी अडचण म्हणजे दोन्ही प्रकारचा आजार याच एका देशात आहे. वायव्येला गॅम्बिएन्स, आग्नेयेला रोडेसिएन्स, आणि परवापर्यंत दोन्हींची औषधं वेगळी होती. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळले असते तर कोणत्या रुग्णाला काय द्यायचं याचा गोंधळ उडाला असता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेकडची बाधित गुरं सोरोटीच्या बाजारात विकायला आली आणि त्यांच्यासोबत रोडेसिएन्स कित्येक किलोमीटर उत्तरेला सरकला. म्हणून २००६ पासून मकेरेरे विद्यापीठ, एडिंबरा विद्यापीठ, एक फ्रेंच पशुऔषध कंपनी आणि युगांडा सरकार यांनी मिळून गुरांनाच औषध द्यायला घेतलं. एका टोचणीने गुराच्या रक्तातला परजीवी मारायचा आणि अंगावर कीटकनाशक फवारायचं. तेही सगळ्या अंगावर नाही, फक्त पायांवर आणि पोटाखाली, कारण माशी तिथेच चावते. औषध कमी लागतं, शेतकऱ्याला परवडतं. मला तर हा उपाय आजवर पाहिलेल्या सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

अनिकेत७

सगळं कौतुकास्पद आहे, पण मनातला प्रश्न विचारतोच. वर्षाला हजारपेक्षा कमी रुग्ण. त्याच आफ्रिकेत मलेरियाने वर्षाला पाच लाखांहून जास्त माणसं मरतात, त्यात बहुतेक लहान मुलं. पैसा मर्यादित आहे. मग जंगलात जाऊन एकेक निद्रारोगी शोधण्यावर तो खर्च करणं न्याय्य आहे का? तोच पैसा मच्छरदाण्यांवर गेला तर जास्त जीव वाचतील ना?

रानवारा

अनिकेत, प्रश्न रास्त आहे आणि हाच प्रश्न अर्थखात्यांमध्येही विचारला जातो. माझं उत्तर असं.

आज हजारच्या आत आकडा दिसतो तो शोधण्याचं काम चालू आहे म्हणून. ते थांबलं की काय होतं याचा एक दाखला गिनीतला आहे. २०१४-१५ मध्ये इबोला आला आणि गावोगाव फिरून तपासणी करणारी पथकं घरी बसली. बोफा भागात खारफुटीच्या एका बाजूला निळी फडकी लागलेली होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. पथकं परत गेली तेव्हा फडकी असलेल्या बाजूला आजार आटोक्यात होता आणि नसलेल्या बाजूला पुन्हा वर आला होता. हे दोन-तीन वर्षांत घडलं. पंधरा-वीस वर्षं दुर्लक्ष झालं तर १९९८ च घडतं, आणि मग येणारा खर्च आजच्या कितीतरी पट.

दुसरं असं की बाधित माणूस कित्येक वर्षं परजीवी घेऊन हिंडत असतो. एकही रुग्ण सुटला तर तो नवी साखळी सुरू करू शकतो. मलेरियासाठी पैसे हवेतच, पण त्यासाठी ही पथकं मोडू नयेत असं मला ठामपणे वाटतं.

पशुवैद्य_वर्धा

अनिकेत यांच्या प्रश्नात एक बाजू राहून जाते ती जनावरांची. ती गृहीत धरली तर हिशेबच बदलतो.

हीच माशी गुरांना नागाना नावाचा रोग देते, तोही ट्रिपॅनोसोमामुळेच. १८९५ मध्ये डेव्हिड ब्रूसने झुलूलँडमध्ये नागानाचा परजीवी शोधला, आणि माणसांतल्या आजाराचं गूढ त्यानंतर काही वर्षांनी युगांडात उलगडलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मते या रोगाने आफ्रिकेत वर्षाला सुमारे तीस लाख गुरं दगावतात. माशीचा पट्टा जवळपास एक कोटी चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या तिप्पट. या पट्ट्यात कित्येक ठिकाणी बैल टिकत नाही. बैल नाही म्हणजे नांगर नाही, शेणखत नाही, गाडी नाही. बाई-माणसं कुदळीने जमीन उकरतात. आपल्या शेतकऱ्याची बैलजोडी काढून घेतली तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा.

१९९७ मध्ये अन्न व शेती संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि आफ्रिकी देशांचा पशुसंवर्धन विभाग एकत्र आले ते यासाठीच. माणसांचे डॉक्टर, गुरांचे डॉक्टर आणि कीटकशास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसल्याशिवाय हे काम पुढे जात नाही. एका देशाने माशी संपवली आणि सीमेपलीकडच्या नदीकाठी ती राहिली, तर शेजाऱ्याच्या बांधावरचं गाजरगवत जसं दरवर्षी आपल्या शेतात येतं तशी ती परत येते.

आता आपल्याकडचं. त्सेत्से भारतात नाही, पण तिच्या परजीवीचा भाऊबंद आहे: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. घोडे, उंट, म्हशी, बैल यांना होणारा सर्रा तो याच्यामुळे, आणि तो गोमाश्या पसरवतात. त्याचा शोध ग्रिफिथ इव्हान्सने १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे लावला. माणसाला तो होत नाही असंच आम्ही शिकलो होतो. २००४ मध्ये मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. ताप येत-जात होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे परजीवी दिसले.

नागपूरच्या डॉक्टरांनी हे प्रकरण जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत नेलं. मेंदूपर्यंत परजीवी गेलेला नव्हता, म्हणून आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या पहिल्या टप्प्यात वापरतात ते सुरामिन मागवलं गेलं आणि रुग्ण बरा झाला. पुढे बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. आपल्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं, ते हा परजीवी फोडून टाकतं. या रुग्णाच्या शरीरात ते प्रथिन तयारच होत नव्हतं. त्या परिसरातल्या अठराशेच्या आसपास लोकांची तपासणी झाली, एकाच्याही रक्तात परजीवी मिळाला नाही. म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण आफ्रिकेसाठी उभं केलेलं कौशल्य आणि औषध विदर्भातल्या माणसाच्या कामी आलं, हे आपल्याकडच्या किती लोकांना माहीत आहे?

शुभांगी_देव

डॉक्टर, चंद्रपूरची ही हकीकत मी प्रथमच ऐकतेय. यावर स्वतंत्र धागा काढाच.

मंजिरी_सा

सगळे प्रतिसाद वाचले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक बाजू मांडते, कारण ती सोडून सहकार्याबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं.

या आजारावरचं आंतरराष्ट्रीय सहकार्य शंभर वर्षांहून जुनं आहे. १९०७ मध्ये लंडनला परिषद झाली, पुढच्या वर्षी ब्रिटन आणि जर्मनीने पूर्व आफ्रिकेतल्या आपापल्या वसाहतींबाबत करार केला. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर तेव्हा दोन लाखांहून अधिक माणसं मेली होती. पण टेबलाशी आफ्रिकी माणूस नव्हता. सरोवरातल्या बेटांवरची वस्ती सक्तीने उठवली गेली. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याच सरोवरातल्या सेसे बेटांवर आर्सेनिकचं अटॉक्सिल देत होता, त्याने काही रुग्णांची दृष्टी गेली.

कॅमेरूनमध्ये यूजीन जामो या फ्रेंच डॉक्टरने १९२० च्या दशकात फिरत्या पथकांची जी पद्धत बसवली, तीच आजही चालते आणि तिने असंख्य जीव वाचले, हे नि:संशय. पण त्याच मोहिमेत बाफिया गावी ट्रायपार्सामाइड या औषधाचा डोस एका डॉक्टरने परस्पर वाढवला आणि सातशेच्या आसपास माणसं आंधळी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर धडधाकट लोकांना प्रतिबंधक म्हणून लोमिडिनच्या सुया लाखोंनी टोचल्या गेल्या. नकार द्यायची सोय नव्हती. कॅमेरूनमध्ये १९५४ मध्ये त्या सुयांतून गँगरीन होऊन माणसं दगावली.

म्हणून आज एखाद्या गावात पथक आल्यावर म्हाताऱ्या बायका घरात लपतात तेव्हा त्यांना अडाणी म्हणू नये. त्यांच्या आजोबांच्या आठवणी त्यांच्यापर्यंत पोचलेल्या आहेत. कंपालाकरांनी लिहिलेली गावची सभा मला म्हणूनच कापडाइतकीच महत्त्वाची वाटते.

कंपालाकर

मंजिरीताई, शंभर टक्के सहमत. तपासणीला कोण आलं नाही हे पथकापेक्षा गावातल्या आरोग्यसेविकेला जास्त माहीत असतं, आणि ती बोलावते तेव्हाच ते लोक येतात.

औषधशाळा

मी औषधनिर्मितीत काम केलं आहे, त्यामुळे औषधांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. थोडं लांबेल.

मेंदूत पोचलेल्या निद्रारोगावर १९४९ पासून मेलार्सोप्रॉल दिलं जायचं. आर्सेनिकचं संयुग, प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेलं. शिरेतून देताना आग पेटल्यासारखं व्हायचं, आणि घेणाऱ्यांपैकी पाचेक टक्के रुग्ण औषधानेच मरायचे. डॉक्टरला आपल्या हाताने ते टोचावं लागे, कारण दुसरं काही नव्हतंच.

१९९० मध्ये एफ्लॉर्निथिनला मान्यता मिळाली. मूळ कर्करोगासाठी तपासलेलं, पण बेशुद्धीत गेलेले निद्रारोगी त्याने उठून बसले. पण घेणारे गरीब, नफा शून्य, म्हणून काही वर्षांत त्याचं उत्पादन थांबवलं गेलं. त्याच सुमारास हेच रसायन स्त्रियांच्या चेहऱ्यावरची लव कमी करणाऱ्या क्रीममध्ये आलं आणि त्याला श्रीमंत देशांत बाजार मिळाला. सीमेपार डॉक्टरांची संघटना एमएसएफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रचंड पाठपुरावा केला. २००१ मध्ये अव्हेंटिस कंपनीशी करार झाला: एफ्लॉर्निथिन, मेलार्सोप्रॉल, पेंटामिडिन मोफत आणि पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर. ती कंपनी आता सनोफीत आहे आणि मदत आजही चालू आहे. बायर निफुर्टिमॉक्स आणि सुरामिन देते. जागतिक आरोग्य संघटना सगळं एकत्र करते आणि एमएसएफची यंत्रणा ते देशोदेशी पाठवते. रुग्णाला एक पैसा पडत नाही.

मोफत असलं तरी सोपं नव्हतं. एफ्लॉर्निथिन एकटं द्यायचं तर चौदा दिवसांत ५६ सलाइन. २००९ पासून निफुर्टिमॉक्सची जोड मिळाली तेव्हा ते सात दिवसांत १४ वर आलं. तरीही चार रुग्णांच्या औषधाचं खोकं पस्तीस किलोच्या वर भरायचं, आणि ते होडीने, मोटारसायकलने रान तुडवत न्यायचं.

मग फेक्सिनिडॅझोल. होक्स्ट कंपनीने पूर्वी अर्ध्यात सोडलेलं हे संयुग डीएनडीआय या ना-नफा संस्थेने २००५ मध्ये जुन्या नोंदी चाळताना शोधलं. काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात चाचण्या झाल्या, २०१८ मध्ये युरोपीय औषध संस्थेने अनुकूल मत दिलं. दहा दिवस गोळ्या, त्याही जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर औषध पुरेसं अंगी लागत नाही. फार गंभीर रुग्णाला अजूनही सलाइनच. पुढे ते रोडेसिएन्सवरही चालतं हे मलावी आणि युगांडातल्या चाचणीत दिसलं. त्यामागून अ‍ॅकोझिबोरोल आलं: एकाच वेळी तीन गोळ्या, संपलं. काँगो आणि गिनीतल्या चाचणीत मेंदूपर्यंत आजार पोचलेल्या रुग्णांपैकी ९५ टक्के बरे झाले.

डीएनडीआयच्या २००३ च्या संस्थापकांत आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आहे. सोबत ब्राझील, केनिया, मलेशियाच्या संस्था, पाश्चर संस्था आणि एमएसएफ. ज्या आजाराला बाजार नाही त्याचं औषध असंच, अनेक देशांनी मिळून करावं लागतं. आपल्याकडच्या काळा आजारावरही हीच संस्था काम करते.

पाखरू

फार सुंदर चर्चा. मी पक्षीनिरीक्षक आहे, म्हणून वेगळी काळजी. माशी पूर्ण नष्ट करायची म्हणजे किती कीटकनाशक ओतणार? आणि एखादी जात मुळापासून संपवणं योग्य आहे का?

रानवारा

पाखरू, यावर तज्ज्ञांतही दोन तट आहेत. पूर्वीचे उपाय भयानक होते: नदीकाठची झाडी तोडणं, माशीचं अन्न बंद व्हावं म्हणून हजारो रानटी जनावरांना गोळ्या घालणं, डीडीटी आणि डिल्ड्रिनची फवारणी. ते मागे पडलं हे फार बरं झालं. बोत्स्वानाच्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशात २००१-०२ मध्ये विमानातून डेल्टामेथ्रिनचा अतिशय बारीक तुषार रात्री सोडला गेला. जमिनीतल्या कोषांपर्यंत तो पोचत नाही, म्हणून नव्या माश्या बाहेर पडतील त्या वेळा गाठून पुन्हा पुन्हा फेऱ्या. त्याने तिथली माशी गेली, आणि मग नामिबिया, अंगोला, झांबियाच्या सीमेकडेही तेच करावं लागलं.

कीटकनाशक अगदी कमी लागतं ते वांझ नरांच्या पद्धतीत. झांझिबारच्या उंगुजा बेटावर आधी गुरांवर औषध लावून आणि पडदे उभारून माश्या कमी केल्या. टांझानियातल्या टांगा इथे माश्या वाढवल्या, नरांना किरणोत्सर्गाने वांझ केलं आणि १९९४ ते १९९७ मध्ये ऐंशी लाखांहून जास्त नर छोट्या विमानातून सोडले. मादी एकदाच जोडी जमवते, ती वांझ नराशी जमली की तिचा वंश तिथेच संपला. शेवटची रानटी माशी १९९६ मध्ये सापडली. त्यानंतर नाही.

सेनेगलच्या नियायेसमध्ये तर सहकार्य अक्षरशः दिसतं. डाकारजवळचा हा दुधाळ गुरांचा पट्टा. त्यासाठी माश्या वाढवल्या बुर्किना फासोतल्या बोबो-डिउलासोला, काही स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला आणि काही ऑस्ट्रियात अणुऊर्जा संस्थेच्या प्रयोगशाळेत. सिलिकॉनच्या पातळ पडद्याखाली कोमट रक्त ठेवून माश्यांना पाजतात. मग कोष साधारण दहा अंश तापमानात थंड ठेवून विमानाने डाकारला. तिथे माश्या निघतात आणि सोडल्या जातात.

पण मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००० मध्ये लोमे इथे पूर्ण उच्चाटनाचा ठराव केला आणि पॅटेक ही मोहीम निघाली. ध्येय मोठं आहे, पण बेट किंवा नियायेससारखा एकटा पडलेला पट्टा सोडला, तर बाजूने माशी परत येतेच. माझ्या मते गॅम्बिएन्स थांबवायला माशी नष्ट व्हावी लागत नाही, तिची संख्या पुरेशी घटली आणि रुग्ण बरे होत राहिले की पुरतं. आधी माणसं वाचवू, गुरांसाठीचं काम सोबत चालू ठेवू, आणि उच्चाटन जिथे खरोखर टिकेल तिथेच करू.

पशुवैद्य_वर्धा

यात एक भर. रोडेसिएन्सच्या बाबतीत हे तर्कशास्त्र चालत नाही. तो हरणांत, गुरांत राहतो, त्यामुळे २०३० चं प्रसार थांबवण्याचं उद्दिष्ट त्याला लावलेलंच नाही. मलावीत २०१९-२० मध्ये अभयारण्यालगत एकदम रुग्ण वाढले, इथिओपियात कित्येक वर्षांनी २०२२ मध्ये तो पुन्हा दिसला. तिथे गुरांवरचं कामच मुख्य.

अनिकेत७

माझ्या प्रश्नाला इतकी सविस्तर उत्तरं दिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. गुरांची बाजू आणि गिनीचा दाखला वाचून माझं मत बरंच बदललं. आता पुढचा प्रश्न: रुग्णच नसतील तर फिरती पथकं कायम पोसायची का?

कंपालाकर

नाही, आणि तसं होतही नाही. पूर्वी अँटवर्पच्या संस्थेने बनवलेली कार्डचाचणी वापरायचे. रक्ताचा थेंब निळ्या द्रावात मिसळून कार्ड पाच मिनिटं हलवायचं, गुठळ्या दिसल्या की संशयित. त्यासाठी शीतपेटी आणि वीज हवी, म्हणून पथकच लागायचं. गेल्या दशकात बोटाच्या थेंबावर चालणारी, मलेरियासारखी पट्टीची चाचणी आली. ती साध्या आरोग्यकेंद्रात राहते. ताप आहे, मलेरिया नाही, तर ही पट्टी लावा. संशय आला तरच मोठ्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाने खात्री. पथक फक्त रुग्ण सापडलेल्या गावात जातं. दक्षिण सुदानमधून निर्वासित येतात त्या सीमेवरच्या केंद्रांत या पट्ट्या असणं सगळ्यात निकडीचं. इथे प्रश्न पैशांपेक्षा सातत्याचा आहे: नवी परिचारिका बदलून आली की तिला पुन्हा शिकवावं लागतं, आणि कित्येक वर्षं एकही रुग्ण न पाहिलेल्या तंत्रज्ञाला परजीवी ओळखता यायला हवा.

शुभांगी_देव

शेवटचा, अगदी व्यवहारी प्रश्न. माझी बहीण आणि तिचे यजमान टांझानियात सेरेंगेटीला सहलीला जाताहेत. काय काळजी घ्यायची?

कंपालाकर

शुभांगीताई, निर्धास्त जाऊ द्या, पर्यटकांना हा आजार फार क्वचित होतो. पण निळे आणि काळे कपडे नकोत, खाकी किंवा फिकट रंगाचे, जाडसर कापडाचे, पूर्ण बाह्यांचे घ्या. पातळ कापडातून ही माशी चावते. ती दिवसा चावते आणि चालत्या गाडीमागे धावते, तेव्हा गाडीत शिरली तर लगेच मारा. अंगाला लावायचं मलम डासांवर जेवढं चालतं तेवढं हिच्यावर चालत नाही, त्यावर विसंबू नका.

परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला, किंवा चावल्या जागी लाल दुखरी गाठ उठली, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आफ्रिकेत अभयारण्यात होतो. आधी मलेरिया तपासतील, तो तपासायलाच हवा. त्याच रक्ताच्या काचपट्टीवर ट्रिपॅनोसोमाही पाहायला सांगा. सापडला तर औषध दुकानात मिळत नाही, दवाखान्याला जागतिक आरोग्य संघटनेकडून मागवावं लागतं, म्हणून त्यांच्याशी त्याच दिवशी संपर्क करायला लावा.